भाऊ, तुमचा भागाकार चुकला

प्रति,
फ्लॅट-प्लॉट-डुप्लेक्सवाले भाऊ,
(नाव पॅम्प्लेटवर मोठ्या अक्षरात, सही कुठेच नाही)
यवतमाळ आणि पंचक्रोशी.

विषय : ‘फक्त ३,२०० रुपये फूट’ या जाहिरातीबद्दल अभिनंदन आणि एका हिशेबाबद्दल शंका.



तुमचं पॅम्प्लेट मिळालं. कागद इतका गुळगुळीत, की त्यावर शंकासुद्धा टिकत नाही, घसरून पडते. चित्रात सात मजली इमारत, समोर कारंजं, कारंज्याशेजारी हसरं कुटुंब. यवतमाळात उन्हाळ्यात नळ किती दिवसांआड येतो, हे त्या कुटुंबाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. खाली पिवळ्या गोळ्यात ठळक अक्षरं : ‘टू बीएचके, १,००० चौ. फूट, फक्त ३,२०० रुपये फूट’. त्या हजारावर एक बारीक चांदणी. चांदणीचा खुलासा मागच्या पानावर, मुंगीला चष्मा लागेल अशा टायपात : ‘सुपर बिल्टअप’.

आधी अभिनंदन करतो, कारण तुमच्या जाहिरातीत एकही आकडा खोटा नाही. ३,२०० गुणिले १,००० म्हणजे ३२ लाख, आणि तुम्ही मागताही ३२ लाखच. गुणाकारात तुमचा हात कुणी धरणार नाही. आम्हा गिऱ्हाइकांची अडचण एवढीच, की भाव हा गुणाकारातून निघत नाही, भागाकारातून निघतो. रेषेच्या वर रुपये, रेषेच्या खाली जागा. आणि तुमची सगळी कलाकुसर रेषेखाली चालते. छेद फुगवला की भाव आपोआप बारीक होतो, त्यासाठी खिशातला एक रुपयाही सोडावा लागत नाही. पाचवीतल्या पोराला येणारं गणित आहे हे. पण घर घ्यायला निघालेला माणूस त्या दिवशी पाचवीतला नसतो, तो कर्जाच्या हप्त्यात अडकलेला असतो. हे तुम्ही बरोबर ओळखलंत.

आता तोच भागाकार मी माझ्या वहीत करून पाहतो. समजा, याच फ्लॅटच्या करारनाम्यात चटई क्षेत्र ६३ चौरस मीटर लिहिलं आहे. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, म्हणजे ही चटई झाली ६७८ फुटांची. ३२ लाख भागिले ६७८ केलं तर फुटाचा भाव निघतो सुमारे ४,७२०. मीटरात ५०,७९४. आणि तुमच्या ३,२०० चा मीटरातला अवतार आहे ३४,४४५. एकाच दारामागे, एकाच ओट्यावर, एकाच संडासात दोन भाव सुखाने नांदतात, आणि मध्ये अंतर आहे मीटरमागे सोळा हजारांचं.

हजारातले उरलेले ३२२ फूट गेले कुठे, तर ते जिन्यात आहेत, लिफ्टच्या खड्ड्यात आहेत, बाहेरच्या भिंतीच्या जाडीत आहेत, चौकीदाराच्या खोलीत आहेत. तुम्ही लगेच म्हणाल, ‘काहून भाऊ, जिना फुकटात बांधायचा का?’ अजिबात नाही. जिना बांधायला सिमेंट लागतं, लिफ्टला पैसे लागतात, चौकीदाराला छप्पर हवंच. त्याचे पैसे घ्या, अगदी नफ्यासकट घ्या. पण ते रेषेच्या वर, रुपयांत घ्या. रेषेच्या खाली, माझ्या घराच्या मापात घालू नका. माझी आई जिन्यात पलंग टाकू शकत नाही आणि लिफ्टच्या खड्ड्यात तुळशीवृंदावन ठेवता येत नाही.

हा जिल्हा कापसाचा आहे, तेव्हा कापसाच्या भाषेत सांगतो. शेतकरी गाडी भरून सीसीआयच्या कापूस खरेदी केंद्रावर जातो. तिथे पहिलं काम म्हणजे कापसात यंत्र खुपसून ओलावा मोजणं. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्याच्या वर प्रत्येक टक्क्याला भाव कापला जातो आणि बारा टक्क्यांच्या वर गेला तर गाडी परत. शेतकरी म्हणत नाही की हा ‘सुपर कापूस’ आहे, त्यातलं पाणीही क्विंटलमध्ये धरा. म्हटलं तरी कुणी ऐकणार नाही. तोच शेतकरी पोरांच्या शिक्षणासाठी यवतमाळात फ्लॅट घ्यायला येतो तेव्हा ३२ टक्के ओलावा तो पूर्ण भावाने विकत घेतो, वर तुमच्या ऑफिसातला पेढाही खातो.

कायद्याने या ओलाव्याची सोय केलेली आहे, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. २०१६ चा रेरा कायदा, आणि १ मे २०१७ पासून आपल्याकडे महारेरा हे प्राधिकरण. त्या कायद्यात चटई क्षेत्राची व्याख्या स्वच्छ आहे : फ्लॅटच्या आतली वापरता येणारी जागा. बाहेरच्या भिंती त्यात नाहीत, पाइपांचे डक्ट नाहीत, बाल्कनी आणि खासगी गच्ची नाही. आतल्या खोल्यांमधल्या भिंती मात्र धरायच्या. करारनाम्यात हेच क्षेत्र लिहायचं. म्हणूनच तुमच्या घराला दोन मापं असतात : पॅम्प्लेटमध्ये हजार, करारात ६३. एक गिऱ्हाइकासाठी आणि एक कायद्यासाठी. आणि दोन्ही वेगवेगळ्या एककांत, म्हणजे शेजारी शेजारी ठेवली तरी कुणाला चटकन तुलना करता येऊ नये. एवढा विचार तुम्ही वायुवीजनाचा केला असता तर स्वयंपाकघरात खिडकी आली असती.

नोंदणीच्या बाबतीतही तुमचं गणित पक्कं आहे. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर महारेराकडे नोंदणीची सक्ती नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे ५,३८२ फूट. पन्नास बाय शंभरचा प्लॉट पाच हजार फुटांचा, म्हणजे बरोबर आत. त्यावर आठ फ्लॅट, म्हणजे तेही आत. वर गच्चीवर एक ‘स्टोअर रूम’, तिच्यात मोरी, संडास आणि ग्रॅनाइटचा ओटा. स्टोअरमध्ये ठेवलेल्या धान्याला सकाळी चहा लागत असावा.

आणि जिथे नोंदणी लागतेच, तिथलं तुमचं वाक्य पाठ झालं आहे : ‘महारेरा नंबर प्रोसेसमध्ये आहे, तुम्ही फक्त टोकन द्या.’ भाऊ, नंबर मिळेपर्यंत जाहिरातही करता येत नाही, बुकिंग तर दूरच. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. तुमच्या पॅम्प्लेटवर क्यूआर कोड आहे, नाही म्हणत नाही. मी मोबाइल धरला, तर व्हॉट्सअॅप उघडलं आणि तुमचा संदेश आला : ‘जय श्रीराम सर, कोणता फ्लॅट पाहिजे?’ आणि नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. तुमचं ‘टोकन’ पाच लाखांचं कसं होतं, हा भागाकार मी सध्या बाजूला ठेवतो.

आता फ्लॅटमधून बाहेर पडून लेआऊटवर येऊ, कारण यवतमाळात तुमचा खरा जीव तिथे रमतो. शहराची हद्द वाढली, लोहारा, वडगाव, वाघापूर, उमरसरा शहरात आले, आणि जिथे तूर उभी होती तिथे सिमेंटचे खांब उभे राहिले. या धंद्यात तुम्ही चार भाषा बोलता. शेतकऱ्याशी एकरात. सातबाऱ्यावर हेक्टर-आर. आमच्याशी फुटात. दुय्यम निबंधकाकडे चौरस मीटरात. कापड मीटरने, दूध लिटरने, कापूस क्विंटलने मोजायला लागून या देशाला साठ वर्षं होऊन गेली, पण आयुष्यातली सगळ्यांत महाग खरेदी अजून साहेबाच्या पावलाने मोजली जाते. यात आळस आहे असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, यात शहाणपण आहे, फक्त ते एका बाजूचं आहे.

पुन्हा वही काढतो. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. समजा तुम्ही शेतकऱ्याकडून एकर घेतला ४० लाखांना. त्याला ४० लाख म्हणजे डोंगर वाटला, त्याने तुमच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. मग तिथे प्लॉट पडले आणि आम्हाला भाव मिळाला ९०० रुपये फूट. ९०० म्हणजे चिल्लर, हॉटेलात चौघं जेवले तरी यापेक्षा जास्त बिल येतं. आता दोन्ही भाव एका मापात आणा. शेतकऱ्याला मिळाले मीटरमागे ९८८. आम्ही देतो मीटरमागे ९,६८८. एककं बदलल्यामुळे विकणाऱ्याला रक्कम मोठी वाटली, घेणाऱ्याला छोटी वाटली, आणि दोघंही तुमचे आभार मानत घरी गेले.

मी अन्याय करणार नाही. सगळा एकर विकता येत नाही. रस्ते सोडावे लागतात, दहा टक्के ओपन स्पेस ठेवावी लागते, जिच्यावर पुढे गजानन महाराजांचं मंदिर होतं आणि बगिचा नकाशातच फुलत राहतो. समजा विकायला ५५ टक्केच जागा उरली. तरी जमिनीची किंमत विक्रीयोग्य मीटरमागे १,८०० रुपयांच्या आसपास पडते. त्यात रस्ते, नाल्या, विजेचे खांब, अकृषिकची फाइल, मोजणी, व्याज, आणि त्या फाइलला टेबलावरून टेबलावर जाताना लागणारी ऊर्जा हे सगळं धरून ती किंमत तिप्पट करतो. ५,४०० झाले. उरलेले चार हजारांहून जास्त रुपये तुमच्या दूरदृष्टीचे. घ्या बापा, दूरदृष्टी महागच असते. फक्त ती फुटाच्या भावात लपवू नका, आम्हाला दिसू द्या.

दूरदृष्टीवरून तुमच्या ‘लोकेशन’चं कौतुक राहिलं. तुमचा प्रत्येक प्लॉट प्रत्येक गोष्टीपासून पाच मिनिटांवर असतो. विमानतळापासून पाच मिनिटं : भारी गावच्या धावपट्टीवरून यवतमाळकराला तिकीट काढून कुठेच जाता येत नाही, तेव्हा पाच मिनिटं काय आणि पाच तास काय. रेल्वे स्टेशनपासून पाच मिनिटं : बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या स्टेशनवर आता गाडीची वाट पाहणारं कुणी नाही. नव्या वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा वर्धा–कळंब हा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. पण तुमच्या भावात ही गाडी त्याच्या कितीतरी आधीच धावू लागली होती, आणि दर वर्षी एक डबा जास्त लागत होता. जी सोय अजून जमिनीवर नाही तिचे पैसे आज द्यायचे, आणि ती येईल तेव्हा ‘आता तर भाव वाढते भाऊ’ म्हणून पुन्हा द्यायचे. एकाच गाडीचं तिकीट दोनदा काढणारे प्रवासी फक्त आमच्या जिल्ह्यात मिळतात.

इथवर छेदाची गोष्ट झाली. पण तुम्ही अंशालाही मोकळं सोडलेलं नाही, आणि माझी खरी तक्रार इथे आहे.

सरकारकडे भावाचा एक तक्ता आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाचा वार्षिक बाजारमूल्य दरतक्ता, लोक त्याला रेडी रेकनर म्हणतात. १ एप्रिलपासून लागू होतो, विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की दिसतो. खुल्या जमिनीचा वेगळा, फ्लॅटचा वेगळा, दुकानाचा वेगळा दर, आणि सगळे चौरस मीटरमागे. २०२२ नंतर हे दर वाढले ते थेट २०२५ मध्ये. मुद्रांक शुल्क लागतं ते कराराची रक्कम आणि या तक्त्यावरचं मूल्य यांतल्या जास्त आकड्यावर. तक्ता परिपूर्ण नाही. एकाच विभागात रुंद रस्त्यावरचा कोपऱ्याचा प्लॉट आणि मागच्या बोळातला प्लॉट दोन्ही एकाच दराने तोलले जातात. तरी हाताशी काही नसण्यापेक्षा तो बरा.

तुमचं या तक्त्याशी नातं मोठं लवचीक आहे. साइटवर उभं असताना तुम्ही म्हणता, ‘रेडी रेकनर कोण पाहते भाऊ, मार्केट कुठच्या कुठे गेलं.’ आणि रजिस्ट्रीच्या दिवशी तुम्हीच म्हणता, ‘कागदावर रेडी रेकनरएवढंच दाखवू, बाकी हातात द्या, तुमचीच स्टॅम्प ड्युटी वाचते.’ आमच्यावर उपकार म्हणून आमच्याकडून रोख घेणारा माणूस विरळाच.

त्या उपकाराचा हिशेब असा. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड. बँक कर्ज देते ते कागदावरच्या रकमेवर, म्हणून रोखीसाठी सोनं गहाण पडतं. उद्या घर विकायला काढलं तर खरेदी कागदावर कमी, म्हणून नफा जास्त दिसतो आणि कर त्यावर बसतो. उपकाराची परतफेड हप्त्याहप्त्याने होत राहते.

पण हे झालं घेणाऱ्याचं. जो या व्यवहारात कुठेच नाही त्याचंही तुम्ही नुकसान करता, आणि त्याला ते कळतही नाही. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात मोबदल्यासाठी शेतजमिनीचा बाजारभाव कसा ठरतो? मुद्रांकाच्या तक्त्यातलं मूल्य, किंवा आसपासच्या तशाच जमिनींच्या मागच्या तीन वर्षांतल्या नोंदणीकृत खरेदीखतांची सरासरी. त्या खतांतली जास्त किमतीची अर्धी खतं धरायची, आणि जे जास्त येईल ते घ्यायचं. म्हणजे लेआऊटसाठी तुम्ही घेतलेल्या शेताच्या खतावर लिहिलेला दबका आकडा शेजारच्या शेतकऱ्याच्या मोबदल्यात जाऊन बसू शकतो. या जिल्ह्यातून नागपूर–तुळजापूर महामार्ग गेला, नांदेडची रेल्वे जाते आहे, शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीतही जिल्ह्याचं नाव आहे. त्यासाठी जमीन देणारा माणूस तहसीलमध्ये म्हणतो, ‘साहेब, आमच्या शेजारची जमीन तर दुप्पट भावाने गेली.’ साहेब खरेदीखत दाखवतात. खतावर तसं काहीच नसतं. तो शेतकरी खरं बोलत असतो आणि कागद खोटा असतो. तरी पैसे कागदाप्रमाणे मिळतात.

जाहिरातीत छेद फुगवायचा आणि रजिस्ट्रीत अंश दाबायचा. दोन्ही बाजूंनी तुम्ही भाव लहान दाखवता, आणि मधल्या मध्ये खऱ्या भावाचा पत्ताच हरवतो. यवतमाळात एका चौरस मीटर घराला लोक खरोखर किती मोजतात, हे शेजाऱ्याला माहीत नाही, बँकेला माहीत नाही, सरकारला माहीत नाही. माहीत आहे फक्त तुम्हाला. आणि ज्या बाजारात भाव एकालाच माहीत असतो, तिथे सौदा होत नाही, शिकार होते.

तुमच्या डुप्लेक्सबद्दल चार ओळी लिहिल्या नाहीत तर तुम्ही रागवाल. डुप्लेक्सला तुम्ही फुटाचा भाव लावतच नाही, ‘पॅकेज’ सांगता : ४५ लाख, बोला. आम्हाला पॅकेज सोडवता येत नाही असं तुम्हाला वाटतं. मुद्रांक विभागाची पद्धत सोपी आहे : जमीन वेगळी धरायची, बांधकाम वेगळं, आणि घर जुनं असेल तर बांधकामाला घसारा लावायचा. समजा प्लॉट ९३ चौरस मीटर आहे आणि त्या भागात जमीन मीटरला १३,००० ने जाते. झाले १२ लाख ९ हजार. बांधकाम ११० मीटर, चांगल्या प्रतीचं, मीटरला १९,३७५ धरू, म्हणजे तुमच्या भाषेत १,८०० रुपये फूट. झाले २१ लाख ३१ हजार. बेरीज ३३ लाख ४० हजार. तुमच्या पॅकेजमध्ये वर ११ लाख ६० हजार आहेत. त्यांत तुमचा नफा आहे, तो असायलाच हवा, व्याज आहे, जोखीम आहे. मॉड्युलर किचनही आहे म्हणता. ते किचन पाहून आलो. त्याचा एक दरवाजा उघडला की दुसरा उघडत नाही.

फ्रान्सबद्दल ऐकलंय का भाऊ? तिथे १९९६ साली कारेझ नावाचा कायदा झाला. अनेक मालकांच्या इमारतीतला फ्लॅट विकायचा तर त्याचं खासगी क्षेत्रफळ कागदावर चौरस मीटरात लिहायचं. छत १.८० मीटरपेक्षा बुटकं असेल ती जागा मोजायचीच नाही. आणि प्रत्यक्ष जागा लिहिल्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त कमी भरली तर घेणारा त्या प्रमाणात पैसे परत मागू शकतो. तुम्ही म्हणाल, तो विलायती कायदा, इथे काय त्याचं? मग देशी ऐका. महारेराच्या नमुना करारनाम्यात चटई क्षेत्रातल्या फरकाची मर्यादा तीनच टक्के आहे, आणि क्षेत्र कमी भरलं तर जादाचे पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत करायचे. कायद्यात आपण फ्रान्सच्या दोन पावलं पुढे आहोत. फक्त ताबा घेताना टेप कुणी काढत नाही, कारण त्या दिवशी पूजा असते.

टेप काढली तर काय होतं ते सांगतो. पॅम्प्लेटमधली बेडरूम ‘दहा बाय बारा’, म्हणजे ११.१५ चौरस मीटर. प्लॅस्टरपासून प्लॅस्टरपर्यंत मोजली आणि समजा २.९० बाय ३.४५ भरली, तर ती झाली दहा मीटरची. सव्वा मीटरही गेला नाही, म्हणजे पलंगाशेजारची चालायची जागा तेवढी गेली. पण आपल्या ५०,७९४ च्या भावाने त्या हरवलेल्या जागेचे अठ्ठावन्न हजार होतात. तेवढ्यात तो पलंग, गादी आणि वर एक कपाट आलं असतं. ठेवायला जागा नसती, ती गोष्ट वेगळी.

आता तुमच्या बाजूने दोन गोष्टी कबूल करतो, नाहीतर हे पत्र एकतर्फी आहे म्हणून तुम्ही फिरवाल. मीटरचा भाव म्हणजे घराची जन्मकुंडली नव्हे. लहान फ्लॅटचा मीटरमागचा भाव मोठ्यापेक्षा जास्त निघतो, कारण स्वयंपाकघर आणि मोरी दोघांनाही लागतात आणि खर्च तिथेच असतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावरचा मीटर आणि पहिल्या मजल्यावरचा मीटर सारखा नाही. प्लॉटचा मीटर आणि फ्लॅटचा मीटर एका ओळीत बसत नाहीत. आणि पाणी! २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली तेव्हा या शहरात घराचं मोल चटईवर नव्हतं, टाकीच्या लिटरवर होतं. हे सगळं मीटरच्या भावात दिसत नाही, ते डोळ्यांनी आणि शेजाऱ्यांना विचारून पाहावं लागतं. पण हे बघायला आधी तीन घरं एका मापात शेजारी ठेवता आली पाहिजेत. पहिलं हजार फूट सुपर, दुसरं ७२० बिल्टअप, तिसरं ६० मीटर चटई, अशी तीन घरं कुणीच तोलू शकत नाही. मग माणूस कारंजं पाहून ठरवतो.

म्हणून ज्या यवतमाळकराच्या हाती हे पत्र पडेल त्याला तुमच्यादेखत एक सल्ला देतो. पार्किंग, वीजमीटर, बोअर, लीगल, सोसायटी, कॉर्नर, सगळे चार्जेस एकत्र करा. उघड्या पार्किंगचे वेगळे पैसे मागितले तर आधी थांबा. उघडं पार्किंग गॅरेज म्हणून वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच नहालचंद प्रकरणात सांगितलं आहे. उरलेली पूर्ण रक्कम करारातल्या चटईच्या चौरस मीटरने भागा. आपल्या उदाहरणातल्या ३२ लाखांवर भाऊंनी अडीच लाख ‘इतर’ चढवले असतील, तर ५०,७९४ चे होतात ५४,७६२. हा तुमचा भाव. मग रेडी रेकनरचा दर पाहा. मग विभागाच्या ई-सर्चवर त्याच इमारतीची किंवा लेआऊटची सूची क्रमांक दोन काढा. त्यात मोबदला, बाजारभाव आणि क्षेत्रफळ हे रकाने असतात. मोबदला आणि बाजारभाव फार प्रेमाने एकमेकांजवळ उभे दिसले, तर तिसरा एक आकडा पिशवीतून गेला का, एवढं मनाशी विचारा.

आणि भाऊ, तुमच्याकडे मागण्या फक्त चार. पुढचं पॅम्प्लेट छापाल तेव्हा :

१. चटई क्षेत्र, चौरस मीटरात, भावाएवढ्याच मोठ्या अक्षरात.
२. शेवटच्या रुपयापर्यंतची एकूण किंमत, चांदणीशिवाय.
३. महारेराचा क्रमांक, किंवा तो का लागत नाही याचं एका ओळीत कारण.
४. जी सोय आज आहे तीच. येणारी गाडी आली की मग छापा.

एवढं केलंत तर तुमचा भाव वाढलेला दिसेल, हे खरं. पण तो पहिल्यांदाच खरा दिसेल. आणि घाबरू नका, घरं तरीही विकली जातील. ज्याची मालमत्ता चांगली आहे त्याला छेद फुगवावा लागत नाही. ज्याला फुगवावा लागतो, त्याच्यासाठी हे पत्र आहे, बाकीच्यांनी मनाला लावून घेऊ नये.

कळावे, लोभ वाढावा. चटई मात्र जेवढी आहे तेवढीच लिहावी.

आपलं,
पाच मीटरची टेप घेऊन फिरणारं एक गिऱ्हाईक